शाळेतला खताचा ड्रम आणि आपल्या घरची बादली



आमच्या गटाच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, हप्ते वहीत लिहून झाले, आणि एक ताई म्हणाल्या, "पोरीला शाळेत शिकायला घातलं का कचरा चिवडायला?" त्यांची मुलगी चौथीत. वर्गाबाहेर खताचा ड्रम नुकताच सुरू झाला होता. ताईंच्या सासूबाईंची उभी हयात कचरा वेचण्यात गेली, आता नातीच्या हातालाही तेच, असं त्यांना वाटलं. आम्ही गप्प बसलो. कारण त्या ड्रमसाठी शाळेत बोलायला गेलो होतो त्या आम्हीच.

ताईंचा प्रश्न खरा आहे. पण आधी ड्रम कशासाठी, ते बघू.

२०१८ चा फेब्रुवारी आठवा. नारेगावच्या आसपासच्या गावांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं शहराचा सगळा कचरा त्यांच्या दारात पडत होता. धूर त्यांनी खाल्ला, विहिरींचं पाणी त्यांचं खराब झालं. मग शहरभर कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले, मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक आणि लाठीमार झाला. तेव्हा कुठे आपल्याला कळलं, की घंटागाडीत टाकलेलं कुठेतरी कुणाच्या तरी दारात जातं. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथे प्रक्रियेची केंद्रं झाली. चिकलठाणा म्हणजे आपल्या शेजारीच की.

ओला कचरा प्लास्टिकसोबत दाबून ठेवला की आत हवा जात नाही. हवा नसली की तो कुजतो, काळं पाणी गळतं, आणि पेट घेणारा मिथेन वायू तयार होतो. तोच ओला कचरा हवा खेळती ठेवून मुरवला तर खत होतं. फरक एवढाच. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांच्या नावावरून जी 'नाडेप' पद्धत ओळखली जाते, तिच्या १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच टाक्याच्या भिंतींना भोकं ठेवतात, ती हवेसाठीच. शाळेच्या ड्रमलाही बाजूने आणि बुडाला भोकं पाडतात.

भरायचं कसं? तळाशी नारळाच्या शेंड्या नाहीतर काड्या. वर एक घमेलं भाजीची देठं, सालं, आणि त्यावर दोन घमेली वाळला पाला. सुरुवातीला थोडं शेण किंवा आंबट ताक, म्हणजे जिवाणूंना विरजण मिळतं. आठवड्याला एकदा खालीवर करायचं. मूठभर घेऊन दाबलं, तर पिळलेल्या फडक्याइतकं ओलं लागलं पाहिजे. थेंब गळाले तर पाला वाढवा, भुगा झाला तर पाणी शिंपडा. दोन-तीन महिन्यांत खत काळं, भुसभुशीत होतं, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो.

पाणी म्हणजे पिण्याचं नाही हो. २०१९ च्या उन्हाळ्यात आपल्या मुकुंदवाडीची लेकरं कॅन, हंडे घेऊन रेल्वेनं पाणी आणायला जायची, ते देशभर छापून आलं. इथे ड्रमवर चांगलं पाणी ओता म्हणणाऱ्याला कोणी उभं करणार नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी पुरतं. आणि हे खत मिसळलेली माती ओल जास्त वेळ धरते.

आता आमची चूक सांगतो. पहिल्याच आठवड्यात मुलांच्या ताटातली उरलेली खिचडी आम्ही ड्रममध्ये ओतू दिली. पाला सरला होता. तिसऱ्या दिवशी वास सुटला, अळ्या वर आल्या, शेजारच्या घरातून आरडाओरडा झाला. मुलं नाक धरून पळाली. शिजलेलं, तेलामिठाचं अन्न लहान ड्रमला झेपत नाही. सगळं बाहेर काढलं, पाला मिसळला, वर माती पसरली, आठ दिवसांत वास गेला. तेव्हापासून नियम: आधी पाल्याची गोणी भरलेली, मगच ओलं. कडुनिंबाचा पाला शाळेतच पडतो, तो जाळायचा नाही, साठवायचा. आणि खिचडी उरते का, हे मुलांनीच आठवडाभर मोजलं. वाढताना पळी थोडी कमी भरली, मागेल त्याला पुन्हा वाढलं. उरायचं बरंच थांबलं.

परिसर अभ्यासाच्या पुस्तकात असतं ते इथे हाताखाली येतं. दहा किलो टाकलं आणि निघालं त्याहून कितीतरी कमी, बाकीचं गेलं कुठे? वाफ होऊन आणि वायू होऊन हवेत गेलं. ढीग गरम का लागतो? जिवाणू खातात, त्यांची ऊब. मोठ्या ढिगात ती ५५-६० अंशांपर्यंत जाते. खत तयार झालं का, हे बघायला मुलं दोन कुंड्यांत मेथी पेरतात, एकीत नुसती माती, दुसरीत खत मिसळलेली. कच्चं खत असेल तर मेथी पिवळी पडते, नाहीतर उगवतच नाही.

आणि आता ताईंचा प्रश्न. आम्ही शाळेत जाऊन बघितलं, तर खराटा, घमेलं ठरावीक मुलींच्याच हातात. वही-पेन दुसऱ्यांच्या हातात. कुणी मुद्दाम केलं नसेल, पण झालं होतं. ज्यांच्या घरी हे काम चालत आलं, त्यांच्याच लेकरांना ते "जमतं" म्हणून द्यायचं, तर तो ड्रम काढून टाकलेला बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे. बाईंशी बोललो. आता फळ्यावर पाळी लिहिलेली असते. आडनाव नाही, हजेरीचा क्रमांक. आज ढवळणारा उद्या वजन लिहितो, परवा मेथी मोजतो. मुलगे-मुली सारखे. हातमोजे सगळ्यांना, नंतर साबणाने हात धुणं सगळ्यांना. शिक्षा म्हणून ड्रमकडे कुणालाही पाठवायचं नाही. काच, ब्लेड, डायपर, पॅड मुलांच्या हाती येताच कामा नयेत. ते घरीच कागदात गुंडाळून वेगळे द्यायचे.

म्हणजे अर्धं काम आपल्या ओट्यावर आहे. ओलं हिरव्या बादलीत, सुकं निळ्या बादलीत. मुलगी सांगते, "आई, पिशवी नको टाकू त्यात," आणि आपण म्हणतो, "गप गं, घाई आहे." तिथेच तिचा धडा बुडतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद, ऊन बेचाळीस अंशांवर, तेव्हा ड्रम वाळून जातो. म्हणून मे महिन्यात आठवड्याला दोघी अशी गटाची पाळी लावली आहे. सावलीत सरकवायचा, वर ओलं गोणपाट टाकायचं, शनिवारी ढवळायचं. त्या ताईंनी अजून नाव दिलेलं नाही. दर सोमवारी मुलीला सोडायला येतात, तेव्हा फळ्यावरची पाळी वाचून जातात.