मानेवरचा काळेपणा मळ नव्हे

आंघोळीला बसवलं की आई डाळीचं पीठ घेऊन मुलाची मान घासते. कातडी लाल होते, मूल कळवळतं, पण काळा पट्टा तसाच राहतो. नातेवाइकांसमोर मग ऐकून घ्यावं लागतं, "जरा स्वच्छ आंघोळ घालत जा याला!"

वजन जास्त असलेल्या मुलांच्या मानेवर आणि काखेत दिसणारा हा जाडसर, मखमली काळेपणा बहुतेक वेळा मळ नसतोच. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, याची ती खूण असते. घासून ती जात नाही. ती डॉक्टरांना दाखवायला हवी आणि मुलाची मान घासणं त्याच दिवशी थांबवायला हवं.

"बाळसं आहे, उंची वाढली की उतरेल," असं आजी प्रेमाने म्हणते. बाळसं पहिल्या एक-दीड वर्षाचं. त्यानंतर मुलं सडसडीत होत जातात आणि पाच-सहा वर्षांनंतर पुन्हा हळूहळू भरू लागतात. आठव्या-नवव्या वर्षी मूल स्थूल असेल, तर ते आपोआप बारीक होईल या भरवशावर राहू नये.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली. त्यांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं वजनाला एवढी कमी, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू मात्र कमी होते. म्हणून नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका. बालरोगतज्ज्ञांकडे भारतीय मुलांसाठीचे वाढीचे तक्ते असतात. त्यांत वय, उंची आणि वजन मांडून पाहा.

"थायरॉइड असणार," हाही एक आवडता निष्कर्ष. ग्रंथींच्या आजाराने वजन वाढलेल्या मुलांची उंची सहसा खुंटलेली असते. मूल जाड आहे पण वयाच्या मानाने उंचही आहे, तर ते कारण असण्याची शक्यता फार कमी.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज वेगळाच आहे: "त्याचा भात बंद करा." ताई श्रीखंड-पुरी खातेय आणि धाकट्याच्या ताटात काकडी. असं मूल उपाशीपोटी रडतं, मग चोरून खायला शिकतं. वाढत्या वयात बहुतेक मुलांचं वजन घटवायचं नसतंच. ते आहे तिथे थोपवलं, तरी उंची वाढत जाते आणि प्रमाण सुधारतं. त्यासाठी वाण्याची यादी बदलावी लागते, आणि ती यादी मूल लिहीत नाही. फरसाण, बिस्किटं, थंड पेयं घरात आणायची आणि मुलाने त्यांना हात लावायचा नाही, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

दोनशे मिलीच्या कोलाचा हिशेब पाहा. त्यात सुमारे २० ग्रॅम साखर असते. आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात. वरून घातलेली साखर त्यांच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच टक्के म्हणजे जेमतेम २१ ग्रॅम. एवढ्याशा बाटलीत दिवसाचा वाटा संपला! डब्यातला फळांचा रसही काही साधा नव्हे, कारण त्यात साखर राहते आणि चोथा जातो. अख्खा पेरू दातांनी खाऊ द्या.

"शिव्या खाल्ल्याशिवाय सुधारणार नाही," असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: वजनावरून चिडवल्या जाणाऱ्या मुलांचं वजन पुढे जास्तच वाढत गेल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. ‘जाड्या’, ‘ढोल्या’ ही हाक घरातून आधी जायला हवी, काकांच्या तोंडूनसुद्धा.

रोज तासभर धावणं-खेळणं हवं, झोप नऊ तासांपेक्षा कमी नको. पण रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू असलेल्या घरात एकट्या मुलाने नऊला कसं झोपावं? टीव्ही सगळ्यांसाठीच बंद करा. जेवणं साडेसातला उरका, भांडी तशीच राहू द्या आणि बाबांनीही चपला घालून त्याच्यासोबत शतपावलीला निघावं. वाटेत वजनाचा विषय काढू नका. शाळेत आज काय झालं, ते विचारा.