आधी दिसते, मग ऐकू येते

माणूस तोंड उघडायच्या आतच आपण त्याला जोखलेले असते. पायातली चप्पल, हातातली पिशवी, सही की अंगठा यावरून ‘याला काय कळतंय’ हे मनात ठरते, आणि पुढचे बोलणे त्याच ठरवलेल्या मापाने ऐकले जाते. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांना याची झळ बसली.

म्हसवडचा माण हा कायमचा दुष्काळी तालुका. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी आसऱ्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी ती रोज थोडे पैसे मागे टाकणार होती. बँकेने खातेच उघडले नाही. रक्कम फार किरकोळ! सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांनी मात्र तिचे म्हणणे ऐकून घेतले. त्यातून बायकांची स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरले.

रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला. अर्जावर अंगठे होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्या बँक काय चालवणार? काही महिन्यांनी बायका पुन्हा साहेबांपुढे उभ्या राहिल्या. वाचता येत नसले तरी हिशेब येतो; कुठल्याही रकमेचे व्याज विचारा, तोंडी सांगतो, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, असे त्यांनी सुनावले. परवाना मिळाला आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

स्वतःची बँक झाली तरी ऐकणे संपले नाही. बँकेत यायचे तर दिवसाची कमाई बुडते, असे बायका म्हणाल्या. मग बँकच त्यांच्या दारात जाऊ लागली. पुढे डिजिटल व्यवहारांसाठी पिन द्यायचे घाटले, तेव्हाही त्यांनी मोडता घातला. पिन कुणीही काढून घेईल, अंगठा कोण चोरणार? शिकलेल्यांना जी अडाणीपणाची खूण वाटत होती, तीच सर्वांत भरवशाची ठरली.

डोळा कानावर किती कुरघोडी करतो, हे मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवले. पडद्यावरचे ओठ ‘गा’ म्हणत होते, आवाज ‘बा’चा होता, आणि पुष्कळांना ऐकू आला ‘दा’. डोळे मिटले की ‘बा’ स्पष्ट! एका अक्षराची ही गत, तर अख्ख्या माणसाबद्दलच्या ग्रहाचे काय?

म्हसवडलाच २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी हा सामुदायिक रेडिओ चालतो. रेडिओवर बोलणारीचे लुगडे दिसत नाही, शिक्षण दिसत नाही; पोचतो तो आवाज आणि मुद्दा.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावची अडचण वेगळी होती. तिथे घरोघरी ऐकायलाच कुणी मोकळे नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये महिलांच्या ग्रामसभेत ठरले, की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत अभ्यास, वाचन, गप्पा. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजावत होते.

भोंग्याने कान मोकळे होतात. मनातला ग्रह मात्र ज्याचा त्यालाच बाजूला ठेवावा लागतो. त्यावर एक साधा उपाय आहे. उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे आणि विचारायचे, ‘असंच म्हणायचंय ना तुम्हाला?’ पुष्कळदा उत्तर येते, ‘तसं नव्हे हो.’ खरे बोलणे तिथून पुढे सुरू होते.