तोंडे अकरा, हात चार

घरात एकाच सकाळी तीन किलो भेंडी आणि चार किलो गवार येऊन पडली तर काय होते, हे ज्यांनी अनुभवले नाही त्यांना परसबागेचे गणित म्हणजे काय ते नुसते सांगून कळायचे नाही. आमच्या घरात ती सकाळ १९७४ सालच्या ऑगस्टात उजाडली. तिची आठवण निघाली की आजही आमच्याकडे हसू येते. त्या दिवशी मात्र कोणी हसले नव्हते.

आमचे घर सांगलीत, गावाच्या कडेला. मागे दोन गुंठे मोकळी जागा आणि एक विहीर. अण्णा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा घरात माणसे अकरा : आजी, अण्णा, आई, मोठा भाऊ, वहिनी, त्यांची तीन मुले, मी आणि माझ्या दोघी बहिणी. पगार आता एकच, भावाचा. त्याला अण्णांच्या पेन्शनची जोड. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरलेला आणि महागाई तर अशी की, मंडईतून येताना पिशवी हलकी आणि खिसा त्याहून हलका. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी दिल्लीतल्या आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर फिरवला, तेव्हापासून अण्णांच्या डोक्यात हे बी पडलेले होतेच. निवृत्तीनंतर ते उगवले.

शिरस्तेदाराचे काम ते. वहीशिवाय कसे होणार? अण्णांनी जाड पुठ्ठ्याची एक वही आणली. माणशी दिवसाला ३०० ग्रॅम भाजी धरली, म्हणजे अकरा माणसांना ३ किलो ३०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला बाराशे किलो. हा हिशेब काही अगदीच अंदाजपंचे नव्हता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ साली प्रौढ माणसाला भाजीचा हाच आकडा सांगितला होता; २०२४ सालच्या सूचनांत तो ४०० ग्रॅमवर गेला आहे. अण्णांनी मग बाराशे किलोंना भाज्यांच्या नावांनी भागले आणि जूनच्या पहिल्या पावसावर एकदम पेरून मोकळे झाले. भेंडीची रोपे दोनशे, गवारीचे दोन लांबलचक वाफे, वांग्याची चाळीस रोपे, दुधीचे सहा वेल. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णांच्या वहीपुढे बोलायची छाती कोणाची होती?

आता भेंडीची रीत अशी आहे. पेरल्यापासून साधारण पन्नास दिवसांनी ती तोडणीला येते आणि मग दर दिवसाआड तोडावीच लागते. एक तोडणी चुकली की शेंग जून होते. जोम धरलेले झाड दर तोडणीला एक तरी शेंग देते. पासष्ट-सत्तर शेंगा म्हणजे एक किलो. तेव्हा दोनशे झाडे म्हणजे दिवसाआड तीन किलो, आणि हे दीड-दोन महिने. अण्णांची बेरीज वर्षाची होती. भाजी वर्षाच्या हिशेबाने येत नाही, ती दिवसाच्या हिशेबाने येते.

वांग्यांची गंमत तर निराळीच. झाडे अशी लगडली की, बघणाऱ्याने बघत राहावे. पण आमच्या स्वयंपाकघरात चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे चढत नसे! पन्नास वर्षे ज्या घरात जेवले त्या घरातली ही गोष्ट अण्णांना पेरताना आठवली नाही. आईने ती वेळेवर सांगितली नाही, कारण तिला कोणी विचारले नव्हते. दुधी आम्ही इतका वाटला की, समोरच्या घरातली मंडळी माझ्या हातात दुधी दिसला की दार लोटून घेऊ लागली.

आणि मग ती सकाळ आली. बहिणी कॉलेजात, मुले शाळेत, आजीला दिसायचे बेताचे. चार किलो गवारीच्या शिरा काढायला आणि ती मोडायला घरात हात होते चारच : दोन आईचे, दोन वहिनीचे. त्यातच आईचा संधिवात पावसाळ्यात उचल खाई. दुपारी दोन वाजले तरी सूप अर्धेच भरलेले होते. अण्णा ओसरीवर वही उघडून त्या दिवशीची आवक टिपत बसले होते. वहिनी उठली, उरलेली गवार सुपासकट त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवली आणि म्हणाली, "मामंजी, तोंडं अकरा मोजलीत. हात किती मोजलेत?"

सुनेने सासऱ्यासमोर असे बोलण्याची त्या घरात रीत नव्हती. संध्याकाळी भावाला कळले तेव्हा तो वहिनीवर तापला, आई मधल्या मध्ये रडवेली झाली, आणि रात्रीची पाने अगदी मुकाट्याने उठली. अण्णा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी ती वही वहिनीपुढे धरली. "सूनबाई, पुढचा हंगाम तुम्ही लिहा," एवढेच म्हणाले.

वहिनीचे माहेर वाळव्याकडच्या खेड्यातले. मातीची तिला नवलाई नव्हती. पण तिने सुरुवात मातीपासून केलीच नाही. तिने भिंतीवरचे कॅलेंडर काढून घेतले, आणि घरात कोणत्या दिवशी काय शिजते ते आईला नि आजीला विचारून त्यावर लिहिले. मग त्या दिवसापासून मागे मोजत पेरणीची तारीख काढली.

वांगी कधी हवीत? चंपाषष्ठीला, भरीत-रोडग्याच्या नैवेद्याला. म्हणजे रोपे लावायची सप्टेंबरात, पंचवीस, जास्त नाहीत. चांगले झाड हंगामात दीड किलोच्या आसपास देते आणि थंडीत तीन महिने तोडा चालतो. पितृपक्षात भेंडी, गवार, कारले हवेच, म्हणून त्यांची पेरणी आधी पन्नास-पंचावन्न दिवस. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. त्यासाठी एक कोपरा कुदळीने खणून त्यात माठ, अळू, पडवळ आणि मक्याची चार ताटे. त्या कोपऱ्यावर आजी इतकी खूष झाली की, भाजी वाटायचे काम तिने आपणहून अंगावर घेतले. त्या दिवशी शेजारच्या बायका भाजी मागायला आपण होऊन आल्या; दुधीच्या वेळी दार लोटणाऱ्याही त्यांतच होत्या!

भेंडी तिने दोनशेवरून चाळिसावर आणली. चाळीस झाडांच्या दोन तोडण्या एकत्र केल्या की ऐंशी शेंगा, सव्वा किलोला थोडी कमी; अकरा माणसांची एका वेळची भाजी. म्हणजे चार दिवसांतून एकदा भेंडी, आणि याहून जास्त वेळा ती कोणाला हवी असते? तीन आठवड्यांनी आणखी चाळीस बिया टोचायच्या, म्हणजे पहिली झाडे थकेपर्यंत दुसरी उभी. मेथीला दहा फूट लांब नि सहा फूट रुंद असा एक वाफा, पण त्याच्या पट्ट्या तीन. दर दहा दिवसांनी एक पट्टी पेरायची. मेथी तीन-चार आठवड्यांत उपटायला येते आणि एका पट्टीत दीड किलोच्या आसपास निघते. पालकाला एवढा खटाटोप नाही. तो कापला की पुन्हा फुटतो. टोमॅटोची रोपे वीस, पण दहा-दहा करून महिन्याच्या अंतराने. कोबी सगळा एकदम तयार होतो, म्हणून आठच गड्डे. दुधीचा वेल एक. एक! मिरचीची बारा झाडे. शेवग्याचे झाड आधीचेच होते, आणि एक शेवगा साऱ्या आळीला पुरतो.

कांदा लावावा असे अण्णांच्या फार मनात होते. वहिनीने त्यांच्याच पद्धतीने त्यांना हिशेब दाखवला. अकरा माणसांना महिन्याला बारा-पंधरा किलो कांदा लागतो, वर्षाला दीडशेच्या वर. एवढ्याला पाऊण गुंठा तरी चार महिने अडकून पडणार, आणि वर तो साठवायला जागा हवी. कांदे-बटाटे बाजारात पोत्याने मिळतात, टिकतात. कोथिंबीर टिकत नाही. जे टिकते ते विकत घ्यावे आणि जे संध्याकाळपर्यंत माना टाकते ते घरी लावावे. मला तर हे तिचे धोरण अजूनही सगळ्यांत शहाणपणाचे वाटते, आणि गच्चीवर आठ कुंड्या असणाऱ्यालाही ते तितकेच लागू आहे.

पण खरी युक्ती पुढेच होती. तिने भाज्यांचे दोन वर्ग केले : निवडायला वेळ खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या. मेथी, गवार, शेपू, वालपापडी एका बाजूला. दुधी, लाल भोपळा, टोमॅटो, वांगी दुसऱ्या बाजूला. पहिल्या वर्गातल्या दोन भाज्या एका दिवशी येता कामा नयेत, असा नियम. मुलांना सुटी असते म्हणून मेथीची उपटणी रविवारी. आणि गवार? ती संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्या लागल्या की अण्णांच्या पुढ्यात. पहिले काही दिवस शेजारपाजारचे लोक आले की अण्णा सूप पंचाने झाकत. पुढे पुढे झाकेनासे झाले. भावालाही त्यात ओढले गेले. त्याची बोटे जाड, शिरा निम्म्या राहत, पण कोणी बोलून दाखवत नसे.

उरलेली भाजी वाळवायची, हा सल्ला सगळेच देतात. गवारीच्या शेंगा, कारल्याच्या काचऱ्या, सांडगी मिरची हे सारे आम्हीही केले. पण वाळवण म्हणजे पुन्हा हातच की! चिरायचे, उन्हात घालायचे, आभाळ आले की धावायचे. वहिनी वाळवणासाठी म्हणून कधी जास्त लावत नसे; चुकून उरले तरच वाळवी. पावसाळ्याच्या ऐन भरात पालेभाज्या कुजतात, तेव्हा बांधावरचे अळू आणि माळ्यावर ठेवलेले लाल भोपळे कामाला येत. भोपळा अखंड राहिला तर महिनोन्‌महिने राहतो. त्याला ऊनही नको आणि बरणीही नको.

दुसरे वर्ष सरल्यावर अण्णांनी बेरीज मारली. दोन गुंठ्यांतून, वाटा आणि पाट वजा जाता, सुमारे चारशे किलो भाजी घरात आली होती. बाराशेपैकी चारशे! अण्णांचा चेहरा उतरला. सबंध घर दोन गुंठ्यांवर जगवायचे त्यांच्या मनात होते. वहिनीने वहीत न लिहिलेल्या गोष्टी मोजून दाखवल्या : कोथिंबीर, मिरची, लिंबू, कढीलिंब, आले, गवती चहा. रोज मुलांना पाच-दहा पैशांसाठी कोपऱ्यावर पिटाळावे लागे, ते बंद झाले होते. मंडईची फेरी आठवड्यातून तीनदा होत असे, ती एकदा होऊ लागली होती. आणि त्या वर्षी एकही दुधी फुकट गेला नव्हता. अण्णांनी हे सगळे वहीच्या शेवटच्या पानावर टिपून घेतले. त्याखाली त्यांची सही आणि तारीखही आहे. कोर्टाची सवय!

आजी १९७९ साली गेली, बहिणींची लग्ने झाली, मी नोकरीसाठी पुण्याला आलो. तसतसे वहीतले आकडे खाली येत गेले. वहिनीचा हात असा की, माणूस कमी झाले की त्याच हंगामात झाडे कमी. माझे नाव गेले त्या वर्षी भेंडीची ओळ चार झाडांनी आखूड झाली होती. सुटीत गेलो तेव्हा मी ती मोजली, पण कोणाला बोललो नाही. आता त्या घरात माणसे चार. भेंडीची झाडे पंधरा, मिरच्यांची चार, मेथीची पट्टी हातभर. चार माणसांच्या कुटुंबाला एवढे पुरते, हे वाचकांपैकी कोणाच्या उपयोगी पडले तर पाहावे.

दिवाळीत मात्र आम्ही सारे तिकडे जमतो, मुले-नातवंडे धरून अठरा पाने होतात. वहिनीने आता ऐंशी ओलांडली आहे, खुरपे नातसून धरते; पण तारखा अजून तीच काढते. घट बसले की मेथी पेरायची, म्हणजे बरोबर लक्ष्मीपूजनाला ती उपटायला येते. यंदा घटस्थापनेच्या दिवशी तिचा मला फोन आला, "भाऊजी, नक्की किती जण येताय ते आत्ताच सांगा. मागाहून दोन वाढले तर मेथी काय ओढून लांब करू?" मी सगळ्यांना विचारून एकोणीस सांगितले. सकाळी मेथी निवडायला आपण बसू, हेही तिने न विचारता सांगून टाकले.