दोन लाख नोवाक

तादेउश ख्म्येलेव्स्की यांच्या १९७० सालच्या एका विनोदी युद्धपटात जर्मनांच्या हाती लागलेला पोलिश शिपाई चौकशीसाठी उभा केला जातो. नाव काय, असं दरडावून विचारल्यावर तो निर्विकार चेहऱ्याने सांगतो, ‘ग्झेगोश ब्झेंचिश्चिक्येविच’. टंकयंत्रावर बसलेल्या जर्मनाची बोटं तिथल्या तिथे अडखळतात. हे नाव खोटं, केवळ जर्मन जिभेची फजिती करण्यासाठी रचलेलं. पोलिश प्रेक्षकांना हा प्रसंग आजही तोंडपाठ असतो. परदेशी माणसाला मात्र सगळीच पोलिश आडनावं अशी असावीत, असं वाटत राहतं.

प्रत्यक्षात त्या देशात सर्वांत जास्त लोकांचं आडनाव कोणालाही एका दमात उच्चारता येईल असं आहे. ते म्हणजे नोवाक.

पोलंडमधल्या प्रत्येक नागरिकाला ‘पेसेल’ नावाचा अकरा अंकी क्रमांक असतो. १९७९ साली सुरू झालेल्या या नोंदणीत पहिले सहा अंक जन्मतारीख सांगतात आणि दहावा अंक विषम असेल तर पुरुष, सम असेल तर स्त्री. या नोंदणीच्या आधारे सरकार आडनावांची यादी जाहीर करतं. तिच्या शिरोभागी वर्षानुवर्षं नोवाकच आहे आणि आकडा दोन लाखांच्या आसपास फिरतो. त्याच्यामागे बऱ्याच अंतरावर कोवाल्स्की, सुमारे एक लाख चाळीस हजार. मग विश्न्येव्स्की, वुइचिक आणि कोवाल्चिक, लाखाच्या थोडं अलीकडे-पलीकडे.

दोन लाख हा आकडा मोठा वाटला तरी पावणेचार कोटींच्या देशात त्याचा अर्थ इतकाच, की साधारण एकशे ऐंशी-नव्वद माणसांत एक नोवाक. व्हिएतनाममध्ये जवळजवळ दर तिसऱ्या माणसाचं आडनाव न्गुएन असतं. त्यापुढे पोलंडचा अव्वल क्रमांक फिकाच म्हणायचा. पोलंडमध्ये चार लाखांहून अधिक वेगवेगळी आडनावं वापरात आहेत आणि त्यांतली पुष्कळशी मूठभर माणसांपुरती उरली आहेत. एवढ्या विखुरलेल्या यादीत अर्धा टक्का मिळाला तरी पहिला नंबर लागतो.

मोजणीतही एक गंमत आहे. पोलिश भाषेत बरीच आडनावं लिंगानुसार बदलतात. नवरा कोवाल्स्की, बायको कोवाल्स्का. यंत्राने नुसत्या अक्षरांवरून मोजलं तर ही दोन वेगळी आडनावं ठरतात आणि एकाच घराचे दोन तुकडे पडतात. नोवाक मात्र दोघांनाही सारखंच लागतं, त्यामुळे अशा यादीत त्याची आघाडी फुगून दिसते. सरकारी यादी पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या मोजते तेव्हा हा घोळ टळतो, आणि तरीही दोन्हीकडे नोवाकच पहिला येतो. पूर्वी हे आडनावही बाईच्या नात्यानुसार रूप बदलत असे. नोवाकची बायको नोवाकोवा, त्याची अविवाहित मुलगी नोवाकुव्ना. आज ही रूपं कागदपत्रांतून गेली आहेत, पण जुन्या वळणाच्या माणसांच्या बोलण्यात अधूनमधून कानावर पडतात.

आता हा नोवाक मुळात कोण? ‘नोवी’ म्हणजे नवा, आणि ‘नोवाक’ म्हणजे नवा आलेला, नवखा. गावात बाहेरून येऊन राहिलेला माणूस, नव्याने कसायला घेतलेल्या जमिनीवरचा कुणबी, कामाला नुकताच लागलेला गडी यांपैकी कोणीही. ‘-आक’ हा प्रत्यय पश्चिम पोलंडमध्ये ‘अमक्याचा पोरगा’ अशा अर्थानेही लागायचा, म्हणून काही घराण्यांत नोवाक म्हणजे ‘नव्याचा मुलगा’ असंही असू शकेल. पण कुठल्याही अर्थाने घ्या, हे नाव त्या माणसाने स्वतः घेतलेलं नाही. स्वतःला कोणी नवखा म्हणवत नाही. ते शेजाऱ्यांनी ठेवलेलं आहे.

शेजाऱ्यांना नवखेपण इतकं डोळ्यांत भरावं, याचं कारण त्या काळच्या कायद्यात सापडतं. १४९६ साली प्योत्र्कुव इथे राजाने सरदारवर्गाला दिलेल्या सनदेनुसार एका गावातून वर्षाला एकाच शेतकऱ्याला बाहेर पडता येई. पुढच्या काळात वेठबिगारीचा फास आणखी आवळला. कुळं जमिनीला जखडलेली, मालकाच्या परवानगीशिवाय हालचाल नाही. माणसं गाव सोडत नाहीत, अशा जगात परगावाहून आलेला माणूस ही सांगण्यासारखी गोष्ट होती. त्यातच सतराव्या शतकाच्या मध्याला स्वीडिश फौजांनी देश उद्ध्वस्त केला आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा युद्ध आणि प्लेग. गावंच्या गावं ओस पडली. ओसाड जमिनी कसायला हात हवे होते, म्हणून जमीनदार दुसऱ्याच्या जागेवरून पळून आलेल्या कुळांनाही ठेवून घेत, नाव-गाव फारसं न विचारता. अशा माणसाला ‘नोवाक’ म्हणणं सर्वांच्याच सोयीचं होतं, त्याच्या स्वतःच्या तर सर्वांत जास्त.

म्हणूनच दोन नोवाक भेटले तर त्यांचं काही नातं निघेल, ही अपेक्षा फोल असते. हे एका मूळपुरुषाचं कूळ नाही. हजारो गावांत, वेगवेगळ्या शतकांत, एकमेकांचा पत्ताही नसलेल्या शेजाऱ्यांनी ते सुटंसुटं ठेवलं. बाकीच्या स्लाव देशांतही हेच घडलं आणि प्रमाणही आश्चर्य वाटावं इतकं जवळचं आहे. चेक प्रजासत्ताकात नोवाक पहिला, आणि तिथे बायकांचं नोवाकोवा हे रूप अजून रूढ आहे. वीस-एकवीस लाख लोकवस्तीच्या स्लोव्हेनियात अकरा हजारांच्या घरात नोवाक आहेत. तिथेही तो पहिलाच, आणि हिशेब केला तर पुन्हा एकशे नव्वदांत एक.

बोलण्यातलं टोपणनाव कागदावरचं आडनाव होणं हा मात्र वेगळा टप्पा. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने लग्नांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक घातला, पोलिश चर्चने १५७७ साली तो स्वीकारला आणि पाद्र्यांच्या वह्या भरू लागल्या. तरीही शेतकऱ्याचं आडनाव बराच काळ ठाम नव्हतं. एकाच माणसाच्या नोंदीत ‘नोवाक उर्फ काच्मारेक’ असं लिहिलेलं आढळतं. नवा आलेला माणूस गुत्तेवाल्याच्या घरी जावई झाला, किंवा त्याचा गुत्ता चालवू लागला, की पुढच्या नोंदीत तो काच्मारेक, म्हणजे गुत्तेवाल्याचा पोरगा. देशाचे लचके तोडून प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशियाने राज्य सुरू केलं, तेव्हा या ढिलाईला आळा बसला. करवसुली आणि लष्करभरती करणाऱ्या सरकारांना दरवर्षी नाव बदलणारा माणूस परवडत नाही.

सरदारवर्गाची, म्हणजे ‘श्लाख्ता’ची, कथा वेगळी. त्यांची आडनावं जहागिरीच्या गावावरून पडली. तेंचिनचा तो तेंचिंस्की. मराठी ‘-कर’ जे काम करतो तेच इथे ‘-स्की’ करत होता, फरक इतकाच की तिथे गावाची मालकी त्यात सूचित होती. पंधराव्या-सोळाव्या शतकांत हा प्रत्यय प्रतिष्ठेची खूण बनला आणि मग जे व्हायचं तेच झालं. ज्यांच्याकडे गाव नव्हतं त्यांनीही तो लावायला सुरुवात केली.

यावर संतापलेल्या वालेरियन नेकांदा त्रेप्का नावाच्या सरदाराने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात एक अजब उद्योग केला. जत्रा, गुत्ते, न्यायालयांची आवारं इथे कान टवकारून बसायचं आणि कोण अस्सल, कोण तोतया याची माहिती गोळा करायची. त्यातून सुमारे अडीच हजार ‘खोट्या सरदारां’ची अकारविल्हे यादी तयार झाली. कोणाचा बाप चांभार, कोणाचा आजा विणकर, कोणी नावाला शेपूट कधी जोडलं, सगळं त्यात आहे. त्रेप्का १६४० साली वारला. हस्तलिखित छापून निघायला १९६३ साल उजाडलं. खवचट माणसाने द्वेषापोटी लिहिलेला हा ग्रंथ आज समाजेतिहासाच्या अभ्यासकांना वरदान वाटतो, हा त्याच्यावर उगवलेला सूडच म्हणायचा. त्यातली प्रत्येक नोंद खरी मानायची मात्र नाही.

शेपूट लावण्याची ही हौस पुढेही टिकली आणि तिचा थेट परिणाम आजच्या यादीवर दिसतो. ‘कोवाल’ म्हणजे लोहार. लोहार गावोगावी होता, तेव्हा पोलंडमध्ये लोहाराचंच आडनाव पहिलं यायला हवं होतं. पण तो वंश फुटला. कोणी कोवाल राहिला, कोणी कोवाल्स्की झाला, लोहाराचा मुलगा किंवा हाताखालचा पोरगा कोवाल्चिक झाला, शिवाय कोवालिक, कोवालेव्स्की. यांतले फक्त कोवाल्स्की आणि कोवाल्चिक एकत्र केले तरी बेरीज सव्वादोन लाखांच्या पुढे जाते आणि नोवाक मागे पडतो. अर्थात नोवाकच्या बाजूनेही नोवाकोव्स्की, नोवित्स्की, नोवात्स्की यांना उभं करता येईल. कुठे थांबायचं हे मोजणाऱ्याने ठरवायचं, म्हणून ‘सर्वांत मोठं आडनाव’ ही पदवी थोडी सैल हातानेच धरलेली बरी. दाखल्यांच्या नमुन्यांत आणि वर्तमानपत्री भाषेत सामान्य माणसाचा मान तर कोवाल्स्कीनेच पटकावला आहे. सरासरी पोलिश नागरिकाला तिथे ‘स्टॅटिस्टिकल कोवाल्स्की’ म्हणतात.

नोवाकांचा नकाशा सर्वत्र सारखा नाही. पोझ्नानभोवतीचा व्येल्कोपोल्स्का, दक्षिणेचा मावोपोल्स्का आणि सिलेशिया हे त्यांचे बालेकिल्ले. ईशान्येकडे, बेलारूसच्या सीमेकडे जावं तसे ते विरळ होतात. हे चित्र पहिल्यांदा आकड्यांत मांडलं भाषाशास्त्रज्ञ काझिम्येश रिमुत यांनी. त्यांच्या दहा खंडांच्या कोशात (१९९२ ते १९९४) प्रत्येक आडनावापुढे तेव्हाच्या ४९ प्रांतांपैकी कुठे किती माणसं, याचा हिशेब दिला आहे. कथानक नसलेलं असं पुस्तक, पण पोलिश माणूस त्यात स्वतःचं पान शोधल्याशिवाय राहत नाही. १९४५ नंतर सीमा पश्चिमेकडे सरकल्या आणि व्रोत्सवाव, श्चेचिन या जर्मनांनी सोडलेल्या शहरांत चहूकडून माणसं येऊन वसली. तिथे सगळ्या प्रांतांची आडनावं एकाच जिन्यावर राहू लागली.

त्याच सीमाबदलाचं एक टोक कोल्हापूरला येऊन पोचतं. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सैबेरियात हाकललेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसं, मुख्यतः बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेल्यामुळे परतायला घर उरलं नव्हतं. अनेक जण तिथून ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे गेले. इंग्रजी कचेऱ्यांत स्त्रीचं कोवाल्स्का हे रूप टिकणं कठीण. मुलीही बापाप्रमाणे कोवाल्स्की झाल्या. नोवाकला ती अडचण नव्हती, फार तर इंग्रजी स्पेलिंगमधला एक वर्ण बदलला.

सर्वत्र आढळणारं आडनाव लपायला उत्तम. झ्जिस्वाव येझोरान्स्की हा भूमिगत होमआर्मीचा दूत नाझींच्या ताब्यातल्या वॉर्सातून लंडनपर्यंत निरोप नेत असे. त्याने टोपणनाव घेतलं यान नोवाक. १९४४ च्या वॉर्सा उठावाच्या तोंडावर तो लंडनहून पुन्हा शहरात पोचला. पुढे १९५२ पासून १९७६ पर्यंत रेडिओ फ्री युरोपच्या पोलिश विभागाचा तो प्रमुख होता आणि बंदी असलेलं ते केंद्र चोरून ऐकणाऱ्यांना त्याची ओळख याच नावाने होती. लपण्यासाठी घेतलेलं नाव इतकं प्रसिद्ध झालं, की शेवटी त्याने ते खऱ्या आडनावाला जोडून घेतलं: यान नोवाक-येझोरान्स्की. २००५ साली वॉर्सात त्याचं निधन झालं.

जन्माने नोवाक असलेल्यांत पोझ्नानच्या काझिम्येश नोवाकचं नाव आवर्जून घ्यायला हवं. १९३१ साली जुनी सायकल घेऊन तो त्रिपोलीहून निघाला, आफ्रिका खंड दक्षिण टोकापर्यंत ओलांडून गेला आणि वेगळ्या वाटेने अल्जियर्सला परतला. पाच वर्षं, सुमारे चाळीस हजार किलोमीटर, सायकलवर, पायी, घोड्यावर, उंटावर आणि होडीतून. प्रवासखर्च तो पोलिश वृत्तपत्रांना लेख आणि छायाचित्रं पाठवून भागवत होता. १९३७ साली, परतल्यावर वर्षभरातच, तो गेला. त्याच्या लेखांचं पुस्तक लोकांच्या हाती पडलं ते २००० साली.

असा एखादा नोवाक पटकन सापडतो. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांना मात्र या आडनावाचा धसका असतो. झाकोपानेच्या डोंगराळ भागात यावर पूर्वीपासून तोडगा आहे. तिथे गोंशेनित्सा, म्हणजे सुरवंट, या आडनावाची इतकी घरं झाली, की गोंशेनित्सा-बिर्त्सिन, गोंशेनित्सा-रोय अशी जोडनावं अधिकृत कागदांवरच चढली. सपाटीवरच्या नोवाकांना ही सोय नाही. शिवाय नोंदींची भाषा राज्यकर्त्यांबरोबर बदलत गेली. रशियन अमलाखालच्या पोलंडमध्ये १८०८ पूर्वी लॅटिन, मग पोलिश, १८६८ नंतर रशियन. प्रशियाच्या बाजूला १८७४ पासून जर्मन कारकुनांच्या वह्या, त्यांत शेवटी एखादं जास्तीचं अक्षर लागलेला नोवाक. पोलिश वंशावळ संस्थेच्या ‘गेनेतेका’ या नोंदसंग्रहात नुसतं नोवाक घालून शोध घेणं व्यर्थ. जाणकार आधी चर्चचं गाव नक्की करतात. तेही पुरलं नाही तर नवऱ्याचं आडनाव बाजूला ठेवून बायकोच्या माहेरच्या आडनावावरून शोधतात. ते जितकं विचित्र आणि उच्चारायला अवघड, तितकं काम सोपं.