झाडपाल्याचे औषध आणि पहिले आठ आठवडे

‘झाडपाल्याचेच तर आहे, त्याने काय अपाय होणार?’ हे वाक्य ज्या घरात कधी बोलले गेले नाही असे मराठी घर विरळाच. खोकल्याला अडुळसा, पोट बिघडले तर ओवा, एवढ्यापुरते ते बहुधा खरेही ठरते. पण याच वाक्याच्या भरवशावर आणखी एक औषध सुरू होते. अंगावरून पांढरे जाते, अशक्तपणा वाटतो, अशी तक्रार बाई दबक्या आवाजात करते. मग कोणीतरी अशोकाची साल, लोध्र, शतावरी यांचे चूर्ण सुचवते, नाहीतर दुकानातून ‘स्त्रियांसाठी’ असे छापलेली बाटली येते. आता अडचण अशी की, पांढरे जाणे एकाएकी वाढण्याचे एक अगदी साधे कारण म्हणजे नुकतीच झालेली गर्भधारणा. चूर्णाची पहिली पुडी उघडली जाते तेव्हा पोटात गर्भ असू शकतो आणि बाईला त्याचा पत्ताही नसतो.

हा स्राव वाढतो का, ते आधी पाहू. गर्भ राहिला की शरीरात इस्ट्रोजेनचे प्रमाण वाढते, योनिमार्गाकडे जाणारा रक्तपुरवठा वाढतो. तेथील पेशींमध्ये ग्लायकोजेन साठते. लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू या साठ्यावर जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. दही विरजते ते याच कुळातल्या जिवाणूंमुळे. या आम्लामुळे योनिमार्गाचा सामू साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि रोगजंतूंना तेथे पाय रोवणे कठीण जाते. पातळ, दुधी, फारसा वास नसलेला आणि खाज न आणणारा स्राव म्हणजे ही संरक्षणव्यवस्था नीट चालू असल्याचे लक्षण. तो थांबवायचा नसतोच. अशा स्रावातून शरीरातली ताकद निघून जाते ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. तिला शरीरशास्त्रात कोणताही आधार नाही. थकवा खरा असतो, पण त्याचे कारण बहुधा रक्तक्षय असते, किंवा मग गर्भधारणाच.

आता गर्भाकडे वळू. पाळी चुकल्याचे लक्षात येते तेव्हा फलनाला सुमारे १४ दिवस झालेले असतात. २२व्या दिवसाच्या सुमारास हृदय धडधडू लागते. ज्या चेतानलिकेपासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, ती २८व्या दिवसापर्यंत मिटते. आठव्या आठवड्याच्या अखेरीस बहुतेक अवयवांचा आराखडा तयार होतो. (डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्यामुळे त्यांच्या हिशेबाने हा दहावा आठवडा.) पुढचे सात महिने मुख्यतः वाढीचे. घडण्याचे काम या थोड्या दिवसांत होते, आणि त्यातले निम्मे दिवस गर्भधारणेची खात्री होईपर्यंतच निघून गेलेले असतात.

या काळात एखादी वनस्पती काय करू शकते, याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण मेंढ्यांचे आहे. अमेरिकेतील आयडाहो राज्यात काही कळपांत विचित्र कोकरे जन्माला येत होती. त्यांच्या कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असे. १९५७ मध्ये मेंढपाळांनी तेथील कृषी खात्याकडे दाद मागितली. वर्षानुवर्षे शोध घेतल्यावर दोष डोंगरउतारावर उगवणाऱ्या ‘कॉर्न लिली’ नावाच्या वनस्पतीचा निघाला. गंमत म्हणजे गाभण मेंढीने ती कोणत्याही दिवशी खाल्ली तरी असे होत नव्हते. गर्भ राहिल्यापासून साधारण १४व्या दिवशी खाल्ली तरच एकडोळी कोकरे होत. वनस्पतीतील हे द्रव्य १९६० च्या दशकात वेगळे करण्यात आले. त्याचे नाव सायक्लोपामिन. ते नेमके काय करते हे कळायला १९९८ साल उजाडले. ‘उजवीकडे एक डोळा, डावीकडे एक’ अशी वाटणी गर्भात होते ती पेशींनी एकमेकींना पाठवलेल्या एका रासायनिक संदेशामुळे. सायक्लोपामिन हा संदेश अडवते. माणसाच्या गर्भातही हाच संदेश वापरला जातो. हाच संदेश अडवणारे एक औषध २०१२ पासून त्वचेच्या एका कर्करोगावर वापरले जाते आणि गर्भवतीने ते घेण्यास सक्त मनाई आहे.

या हकिकतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सहज निसटून जाते. कोकरांचा चेहरा बिघडवण्याइतके द्रव्य पोटात जाऊनही खुद्द मेंढीचे फारसे बिघडत नसे. ती चरत होती, हिंडत होती. ‘मला काही त्रास झाला नाही’ ही आईची साक्ष गर्भाच्या बाबतीत उपयोगाची नाही, ती याचमुळे.

मग पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव? हा प्रश्न वर्गात हमखास येतो, आणि तो रास्त आहे. धोतरा विषारी आहे हे कोणा शास्त्रज्ञाने सांगावे लागले नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात दिसणारा आणि बहुतेकांना होणारा परिणाम अनुभवाला अचूक कळतो. पण उशिरा दिसणारा आणि थोड्यांनाच होणारा परिणाम त्याच्या जाळ्यातून सुटतो. एक साधा प्रयोग करून पाहा. औषध न घेताही १०० पैकी सुमारे ३ बाळांत काही ना काही मोठे जन्मजात व्यंग आढळते. एका पिशवीत ९७ पांढरे आणि ३ काळे मणी घाला. दुसरीत ९४ पांढरे आणि ६ काळे. ही दुसरी पिशवी म्हणजे धोका दुप्पट करणारे एक काल्पनिक चूर्ण. एखाद्या अनुभवी आजीने आयुष्यात ४० बाळंतपणे जवळून पाहिली असे समजू. विद्यार्थ्यांना न बघता प्रत्येक पिशवीतून ४० वेळा मणी काढायला सांगा. दर वेळी मणी परत टाकून पिशवी हलवायची. दुसऱ्या पिशवीतून दहापैकी सरासरी तीन खेपांना एकच काळा मणी येईल किंवा एकही येणार नाही. आणि निर्दोष पिशवीतून जवळजवळ तितक्याच खेपांना दोन किंवा अधिक येतील. कोणती पिशवी वाईट हे आजी कशी ओळखणार? हा फरक बऱ्यापैकी खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे ७५० स्त्रिया लागतात. त्यात भर म्हणजे, लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १५ टक्के कोणतेही औषध न घेता गळून पडतात. चूर्णामुळे आणखी दोन-चार गेल्या तरी घरात ‘नशीब’ एवढीच नोंद होते.

परंपरा सरसकट चूक आहे असे यातून कोणी काढू नये. ‘पपई खाऊ नकोस’ हा सासूचा सल्लाच घ्या. सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पिकलेल्या पपईच्या रसाचा गर्भाशयावर लक्षणीय परिणाम दिसला नाही, पण कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशयाचे स्नायू आक्रसले. म्हणजे सल्ल्यात तथ्य होते, मात्र फळाच्या अवस्थेप्रमाणे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही गर्भिणीने काय टाळावे याची वेगळी प्रकरणे आहेत. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे वाक्य त्या ग्रंथकारांना मान्य झाले असते असे मला वाटत नाही. ते जाहिरातीचे वाक्य आहे. वनस्पती ही रसायने आपल्या आरोग्यासाठी बनवत नाहीत. किडे, बुरशी आणि चरणारी जनावरे यांच्यापासून बचाव करण्यासाठी बनवतात. भाजीतली चिमूटभर हळद किंवा चहातले आले वेगळे, आणि कित्येक पट तीव्र केलेला अर्क भरलेली गोळी वेगळी. आल्याच्या बाबतीत एवढे म्हणता येते की, गरोदरपणातील मळमळीवर त्याच्या चाचण्या स्त्रियांवर झालेल्या आहेत. बाजारातल्या फार थोड्या वनस्पतींबद्दल तसे म्हणता येईल.

हानीचे पुरावे मिळाले आहेत ते मुद्दाम शोधल्यावर. हरियाणात मुलगा व्हावा म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात शिवलिंगी, माजूफळ अशी औषधे देण्याची चाल आहे. बाळाचे लिंग फलनाच्या क्षणीच, शुक्रपेशीत एक्स गुणसूत्र आहे की वाय यावर ठरते, हे आपण दहावीत शिकवतो. दोन महिन्यांनी घेतलेले चूर्ण त्यात काहीच बदलू शकत नाही. पण अवयव मात्र तेव्हाच घडत असतात. तेथील एक पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. व्यंग असलेल्या आणि निरोगी बाळांच्या मातांची तुलना केली, तेव्हा अशी औषधे घेतलेल्या स्त्रियांत व्यंगाचा संभव सुमारे तिप्पट आढळला. तुलनेच्या पाहणीने कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही हे खरे. तरी या औषधांच्या नमुन्यांत इस्ट्रोजेनसारखी वनस्पतिद्रव्ये सापडली आहेत, हे ध्यानात घ्यायला हवे. दुसरा पुरावा न्यूयॉर्कचा. तेथे २०११-१२ मध्ये सहा गर्भवतींच्या रक्तात धोकादायक प्रमाणात शिसे आढळले. त्या सर्वजणी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधे घेत होत्या. शिसे वार ओलांडून गर्भापर्यंत पोचते, आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नसतो.

याउलट सरकारी दवाखान्यातल्या फोलिक आम्लाच्या गोळीकडे पाहा. चेतानलिकेचे व्यंग असलेले मूल पूर्वी झाले होते अशा १,८१७ स्त्रियांवर सात देशांत चाचणी झाली. निकाल १९९१ मध्ये आला. अशी २७ नवी व्यंगे आढळली. त्यांतली ६ फोलिक आम्ल घेणाऱ्या गटांत होती आणि २१ न घेणाऱ्या गटांत. ही गोळी ‘कृत्रिम’ म्हणून टाळणारी आणि चूर्ण ‘नैसर्गिक’ म्हणून घेणारी माणसे मी सुशिक्षित घरांतही पाहिली आहेत.

चूर्णाचा दुसरा तोटा असा की, त्यामुळे स्राव तपासायचा राहून जातो. दह्याच्या कवडीसारखा घट्ट स्राव आणि खाज ही बहुधा कँडिडा या यीस्टची करामत असते. करडा, पातळ, मासळीसारखा वास येणारा स्राव म्हणजे लॅक्टोबॅसिलस हटून दुसऱ्या जिवाणूंनी जागा घेतली. हिरवट-पिवळा, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास या एकपेशीय जीवाची शंका येते. सामू दाखवणारा कागद आणि सूक्ष्मदर्शकाखालची एक काचपट्टी यांनी पुष्कळ वेळा काही मिनिटांत निदान होते, आणि गरोदरपणात चालणारी औषधे उपलब्ध आहेत.

रक्ताची गोष्ट निराळी. पहिल्या तीन महिन्यांत चारपैकी साधारण एकीला थोडेफार लाल किंवा तपकिरी डाग दिसतात आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींची गर्भधारणा पुढे सुखरूप चालते. पण १०० पैकी एक-दोन गर्भ गर्भाशयाऐवजी बहुधा बीजवाहिनीत रुजतात. डागांबरोबर ओटीपोटात एका बाजूला दुखणे, खांद्याच्या टोकाला कळ, घेरी, ही लक्षणे असतील तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे लागते. नळी फुटली तर आत होणाऱ्या रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो. अशा वेळी ‘गर्भ टिकवणारा’ काढा पाजत दोन दिवस वाट पाहणे किती महागात पडेल हे सांगायला नको.

दवाखान्यात जाताना पुडी, बाटली, जे काही घेतले असेल ते बरोबर न्यावे. ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ असे डॉक्टरांनी विचारले तर पुष्कळ जणी ‘नाही’ म्हणतात. त्या लपवत नसतात. झाडपाला त्यांच्या लेखी औषध नसतोच. म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो: काढा, चूर्ण, आसव, टॉनिक, कोणी दिलेली मुळी, यांतले काही?