जळालेला पिस्टन

मांडवीकाठच्या आमच्या एका शेजारी खारव्याचे होडीचे जुने, दोन सिलिंडरांचे इंजिन ऐन हंगामात बंद पडले. उघडून पाहतो तो वरच्या पिस्टनच्या माथ्याला भोक! नवा पिस्टन घालून उद्याच पाण्यावर जावे, असा मुलाचा आग्रह. घरची चूल होडीवरच. आग्रह गैर कसा म्हणावा? पण वृद्ध मेस्त्री म्हणाले, "पोरा, पिस्टन मेला, पण मारणारा अजून आतच आहे."

तो सापडला. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये शिळ्या पेट्रोलचा चिकट गाळ साचला होता. अशा टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलाबरोबरच येते. पेट्रोल कमी पडले, की उष्णता वाढते आणि वंगणही आटते.

मग जेट साफ केला, पाणीपंपाची रबरी चक्री बदलली, क्रँककेसमधले ॲल्युमिनियमचे कण धुऊन काढले. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन व रिंगा बसविल्या. आरंभीचे काही तास ५० लिटर पेट्रोलास १ ऐवजी २ लिटर तेल घातले.

आठ दिवस बुडाले खरे. पण होडी आता रोज सुखरूप परतते. मूल का अडले हे न पाहता त्यास पुढच्या वर्गात ढकलणाऱ्या आम्हां शिक्षकांनीही हा धडा गिरवावा.