वाघाच्या पोटात पेंढा नसतो

राजवाड्यात जबडा वासलेला वाघ दिसला की कुणीतरी हमखास सांगतं, 'आत पेंढा भरलाय!' म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्याच्या वाघांबाबत हे साफ चूक आहे. 1900च्या सुमारास यूजीन व्हॅन इंगेन यांनी टॅक्सिडर्मीचा, म्हणजे कातड्यापासून हुबेहूब प्राणी घडवण्याचा कारखाना काढला, पुढे मुलांनी चालवला. राजेरजवाड्यांपासून गोऱ्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या शिकारी तिथे जात.

तिथे वाघ भरत नसत, घडवत. आलेलं कातडं कमवायचं, आतून तासून पातळ करायचं. दुसरीकडे साच्यातून कागदाच्या लगद्याचं पोकळ धड तयार होई; खांद्यांचा उभार, ताणलेले स्नायू त्यातच असत. वाघ लहानमोठे, म्हणून साचेही निरनिराळ्या मापांचे. धडावर कातडं चढवून शिवण अशी दडवायची की समोरून दिसता कामा नये. डोळे काचेचे, दात मात्र खरे, कारण तोंडासाठी मूळ कवटीच वापरत. खरी परीक्षा पापण्या आणि ओठांची. तिथे चुकलं की वाघाचं मांजर झालंच!

दुसरा समज, हे सगळे वाघ त्या घराण्यानेच मारले. छे, कातडी गिऱ्हाइकांनी आणलेली. अर्थात घरचेही शिकारीचे शौकीन होतेच. द वेट व्हॅन इंगेन यांनी 1946 मध्ये कबिनी नदीत गळाला लावलेला 120 पौंडांचा महसीर मासा आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. कारखान्यातून गेलेल्या वाघ-बिबट्यांचा अंदाज 43 हजारांच्या घरात सांगतात. कारागिरीला दाद द्यावी, पण हा आकडा घशाखाली उतरत नाही.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर नव्या शिकारींचा ओघ आटला. 1999 मध्ये कारखाना बंद पडला. विद्या मात्र संपली नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2009 पासून टॅक्सिडर्मी केंद्र आहे. पशुवैद्यक डॉ. संतोष गायकवाड तिथे शिकार न होता मेलेल्या प्राण्यांवर काम करतात. तेव्हा काचेमागचा प्रत्येक प्राणी बंदुकीनेच मेलेला असतो, हेही खरं नाही.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे 'आजोबांच्या वेळचं आहे, त्याला काय होतंय?' होतं. मालकीचं प्रमाणपत्र नसेल तर असं कातडं किंवा मुंडकं बाळगणं गुन्हा ठरतो. वारशाने आलेलं असलं तरी 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावं लागतं. विकणं सोडाच, बक्षीसही देता येत नाही. आणि माळ्यावर असा जुना वाघ असेलच, तर पोरांना त्याच्याशी खेळू देऊ नका: किडीपासून वाचवायला त्या काळी कातड्याला सर्रास आर्सेनिक चोळत. आधी प्रमाणपत्र शोधा. नसेल तर वनविभागाशी बोला.